फोटोवरची पिवळी तारीख

मांजरसुंब्याच्या आसपास हायवेला आता हुरड्याच्या पाट्या लागतात. हुरडा पार्टी, झोके, बैलगाडीची चक्कर, सेल्फी पॉइंट. गेल्या रविवारी ऑफिसातल्या लोकांबरोबर मीही गेलो होतो. खाटेवर बसायचं, कणसं भाजून चोळून द्यायला माणूस ठेवलेला, त्यामुळं आपले हात काळे व्हायचा प्रश्नच नाही. लोक एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून खात होते. एका घासाचे दहा-दहा फोटो निघत होते आणि घास गार होत होता. माझं वय आता असल्या गोष्टींवर बोलायचं राहिलेलं नाही. पण आगटीतल्या गोवरीचा धूर आणि कोवळ्या ज्वारीचा तो दुधाळ, भाजका वास एकदम नाकात शिरला आणि आमच्या गावचा, दिंद्रुडचा, एक हिवाळा आठवला. त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गटांगळी खाऊन घरी बसलो होतो, आणि आमच्या घरात डिजिटल कॅमेरा आला होता.

आमचं कापडाचं दुकान. बाजारपेठेत, पुढं ओटा, आत पांढरी गादी, गादीवर आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. कपाळाला विभूती लावल्याशिवाय त्यांनी कधी दुकानाचं कुलूप काढलं नाही आणि हातभर कापड मोजताना दोन बोटं आखडती घेतली नाहीत, यापलीकडं त्यांच्याबद्दल गावात कुणी काही सांगू शकलं नसतं. कॅमेरा पुण्याच्या मामांनी आणला. त्यांना तो कंपनीनं दिवाळीला दिलेला, आणि त्यांना त्यातलं काही जमेना. तुला रिकामा वेळ लई हाय, तू शीक, असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. टोमणा होता, पण कॅमेराही होता, म्हणून मी टोमणा गिळला. जाताना त्यांनी तारीख-वेळ लावून दिली आणि सोबतचं इंग्रजी पुस्तक माझ्या हवाली केलं. ते पुस्तक मी पहिल्या चार पानांपुढं वाचलं नाही. नापास का झालो, हे त्यावरूनही कळावं.

साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा. मागं काड्यापेटीएवढा पडदा, त्यात माणूस दिसायचा. बटण दाबलं की लगेच फोटो निघायचा नाही. कॅमेरा आधी आत काहीतरी कुरकुरायचा, विचार करायचा, आणि मग त्याच्या मनाला आलं की टिपायचा. आमच्याकडं फोटो म्हणजे दोन्ही हात सरळ, मान ताठ, श्वास रोखलेला. बटण दाबलेलं बघून लोक 'झालं' म्हणून सैल पडायचे आणि नेमका तेव्हा फोटो निघायचा. त्यामुळं माझ्या पहिल्या महिन्यातल्या सगळ्या फोटोंत गाव सुटलेलं आहे. कुणी पदर सावरतंय, कुणी नाक पुसतंय, कुणी निघून चाललंय. बटण आधी अर्धं दाबून धरायचं असतं, हे मला आपोआप, एका शेळीचा फोटो काढताना कळलं. तोवर शेळीही निघून गेली होती.

हळूहळू एकेक उमगत गेलं. उन्हाकडं तोंड करून माणूस उभा केला तर तो डोळे मिटतो, पाठ करून उभा केला तर काळा पडतो. झाडाच्या सावलीत, पण सावलीच्या अगदी कडेला उभा केला की चेहरा उजळतो. फ्लॅश मारला की आप्पांच्या कपाळावरची विभूती अशी चमकायची की खाली आप्पा दिसायचेच नाहीत. गावातल्या बायका फोटो काढून झाल्यावर विचारायच्या, रोल किती उरलाय. रोल नसतोच म्हटलं की त्यांना वाटायचं हा पोरगा नुसतं बटण दाबून आपली चेष्टा करतोय. मग मी मागचा पडदा दाखवायचो. स्वतःला तिथं, त्याच लुगड्यात, त्याच घटकेला बघून त्या तोंडावर हात घ्यायच्या. आपल्याला काहीतरी येतं, असं मला त्या वर्षी फक्त त्या क्षणांपुरतं वाटायचं. बाकी दिवसभर कापडाच्या घड्या घालायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं, की यंदा कॉलेजला कावून गेला न्हाई, तर हसायचं.

त्या कॅमेऱ्याला दोन पेन्सिल सेल लागायचे आणि तो ते अक्षरशः खायचा. दहा-बारा फोटो झाले की मेलाच. सेल उतरले की ते काढून उन्हात ठेवायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. रेडिओचे ठेवायचे, बॅटरीचे ठेवायचे, कुणी कुणी दातांनी चावूनही बघायचे. मी रोज दुपारी कॅमेऱ्याचे सेल काढून ओट्यावर उन्हात मांडायचो आणि संध्याकाळी कोमट झालेले परत घालायचो. खरंच पाच-सहा फोटो आणखी निघायचे. पण दर वेळी सेल काढले की कॅमेऱ्यातलं घड्याळ पुसलं जायचं आणि तो बिचारा तीन वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीपासून पुन्हा मोजायला लागायचा. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात बारीक पिवळे आकडे उमटायचे. मला ते आकडे म्हणजे कॅमेऱ्याची शान वाटायची. स्टुडिओवाल्याच्या फोटोवर असलं काही नसायचं. ते वाचावेत, असं मात्र मला एकदाही वाटलं नाही.

आता अक्का. माझी थोरली बहीण, महानंदा. अंबाजोगाईला होस्टेलवर राहून डी.एड. केलेलं, गावातल्या शाळेत शिकवायची. सत्तावीस वर्षांची होती आणि आमच्या समाजात तेव्हा ते वय कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. तिला चष्मा होता, जाड काचांचा. स्थळासाठी फोटो काढायला माजलगावला नेलं की स्टुडिओवाला आधी चष्मा काढायला लावायचा, मग गालाला पावडर, मग मागं रंगवलेला बगीचा. चष्मा नसला की अक्काला पुढचं दिसायचं नाही, त्यामुळं त्या सगळ्या फोटोंत ती कुणीतरी आपल्याला हाक मारल्यासारखी दूर बघतेय. फोटो पाकिटात घालायचा, पाकिटाच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावायचं आणि पाठवायचा. नकार कुणी तोंडानं द्यायचा नाही, ही रीत. फोटो परत यायचा, एवढंच. पोस्टानं नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून. असे तिचे पाच फोटो परत आले होते. अक्का ते स्वतः उघडायची, बघायची आणि पेटीत ठेवायची. आई त्या दिवशी भाजीत मीठ जास्त घालायची.

सहावं स्थळ अंबाजोगाईचं निघालं. औषधाचं दुकान, बापलेक दोघं बसायचे. मध्यस्थ होते मांजरसुंब्याचे मन्मथकाका, आप्पांचे लांबचे मावसभाऊ. कपिलधारच्या यात्रेत उभ्या समाजाची लग्नाळू पोरं-पोरी त्यांच्या वहीत चढायची. स्थळाचं नाव ऐकलं आणि अक्का पहिल्यांदाच म्हणाली, हे झालं तर मला पाह्यजेल. आई चकितच झाली. नंतर माळवदावर कपडे वाळत घालताना अक्कानं मला कारण सांगितलं. होस्टेलवर असताना तिचं डोकं सारखं दुखायचं, ती त्या दुकानातून रोज गोळी न्यायची. एक दिवस काउंटरवरच्या मुलानं गोळी दिलीच नाही. रोज गोळी खाऊ नका, डोळे तपासून घ्या, असं म्हणाला. तिनं तपासले, नंबर निघाला, चष्मा लागला, डोकं दुखायचं थांबलं. दोन वर्षांत तो तिच्याशी एवढंच बोलला होता. गिऱ्हाईक तोडून बोलला, असं ती म्हणाली, आणि एकच टॉवेल तीन वेळा झटकला.

मार्गशीर्षात आम्ही शेतावर हुरड्याला गेलो. गावाबाहेर आमची चार एकर, बटईनं कसायला दिलेली, तिथं त्या वर्षी हुरड्याची गूळभेंडी ज्वारी चांगली आली होती. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या. आई जवसाच्या चटणीचा डबा उघडत होती, आप्पा धोतर आवरून उकिडवे बसले होते. अक्कानं गरम कणीस तळहातावर घेतलं, चोळता चोळता हात भाजला, तिनं ते हवेत उडवलं आणि आप्पांच्या टोपीत दाणे पडले. ती हसली. मी बटण आधीच अर्धं दाबून धरलेलं होतं. पडद्यावर बघितलं, तर चष्मा घातलेली, काळ्या हातांची, गालाला राख लागलेली अक्का सरळ माझ्याकडं बघून हसत होती. मी तिला दाखवलं. ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, अंबाजोगाईला हा पाठव.

घरात वाद झाला. आई म्हणे, चष्म्याचा फोटो कुणी पाठवतं का, आणि तोंडाला राख. अक्का म्हणे, हाच, न्हाईतर कोणताच न्हाई. त्या चष्म्याचं काय आहे ते तिला आणि मलाच माहीत होतं, आणि आम्ही दोघंही आईला ते सांगणार नव्हतो. शेवटी आप्पा म्हणाले, जशी हाय तशी दिसतीय, पाठवा. मी माजलगावला जाऊन मोठा प्रिंट काढून आणला. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी अक्काच्या लग्नापेक्षा माझ्या फोटोचं जास्त कौतुक होतं. मन्मथकाका पाकीट घेऊन गेले. पुढं पौष लागला. पौषात बोलणी करत नाहीत, त्यामुळं महिनाभर कुणी वाटही बघायची नव्हती. अक्का शाळेत जायची, यायची, आणि त्या महिन्यात तिनं कधी नव्हे ते दुकानात येऊन स्वतःसाठी दोन ब्लाउजपीस निवडले.

माघाच्या पहिल्या आठवड्यात मन्मथकाका आले. पाकीट पोस्टानं न पाठवता स्वतः घेऊन आले, यावरूनच काहीतरी बिनसलंय ते कळलं. ते गादीवर बसले, फोटो पालथा ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, की फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे, तारीख छापलीय त्याच्यावर. मंडळी म्हणतात, एवढा जुना फोटो पाठवला म्हणजे पोरगी आज अशी दिसत नसंल, न्हाईतर वय चोरलं असंल. आप्पांनी फोटो सुलटा केला. चष्मा वर सरकवून कोपऱ्यातले आकडे वाचले. मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर चादरीची घडी घालत होतो.

"आमी मापात कधी बोट घातलं न्हाई, मन्मथ," आप्पा म्हणाले. एवढंच.

मला तिथल्या तिथं कळलं होतं. तरी खात्री करावी म्हणून संध्याकाळी सेल घातले, दाराचा एक फोटो काढला. एक जानेवारी, तीन वर्षांपूर्वीचं साल. आणि मी गप्प राहिलो. एक दिवस नाही, आठ दिवस. सांगितलं असतं तर कॅमेरा गेला असता, आणि त्या वर्षात माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. याची मला आजही लाज वाटते. त्या आठ दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्याकडं संशयानं बघत होतं. फोटो यंदाच्याच हुरड्याचा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तारखेचं नुसतं निमित्त, खरी भानगड वयाची, असं जो तो धरून बसला. आईला वाटलं, मन्मथकाकांनी वय कमी सांगितलं. काकांना वाटलं, आईनं जुना फोटो घुसडला. आठव्या दिवशी अक्कानं आप्पांना सरळ विचारलं, तुमी माझं वय कमी लिहून दिलं का. आप्पा ताटावरून उठले. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात असलं कुणी विचारलं नव्हतं, त्याला लेकीनं विचारलं. ते हात धुवत होते आणि त्यांच्या हातून तांब्या सुटला. तेव्हा माझं तोंड उघडलं.

मी सगळं सांगितलं, सेल काढून दाखवले, घालून दाखवले. मला वाटलं, आप्पा कॅमेरा आडात फेकतील. त्यांनी तो हातात घेतला, तेच आकडे दोन वेळा पडद्यावर बघितले आणि म्हणाले, उद्या अंबाजोगाईला जायचं, हे यंत्र घेऊन. अक्का आधी हसली, मग तिला रडू आलं, मग ती म्हणाली, बावळटा, आठ दिवस. पण तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. सकाळी निघताना तिनं माझ्या खिशात दोन नवे सेल टाकले.

मुलाचे वडील दुकानातच भेटले, पोक्त माणूस, विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. आम्हाला बघून ते जरा अवघडले. आप्पांनी काही प्रस्तावना केली नाही. फक्त म्हणाले, पोरा, दाखव. मी त्यांच्यासमोर सेल काढले, घातले, आणि त्यांचाच फोटो घेतला. पडद्यावर ते स्वतः, आजच्या सदऱ्यात, पाठीमागं आजचं कॅलेंडर, आणि कोपऱ्यात तीन वर्षांपूर्वीची एक जानेवारी. त्यांनी दोनदा बघितलं. कॅलेंडरकडं मान वळवली. मग एवढे हसले की आतून बाई डोकावून गेली. चुकलं आमचं, असं मोकळेपणानं म्हणाले. चहा मागवला. पुढच्या सोमवारी मुलगी बघायला येतो, असं ठरवूनही टाकलं. आप्पांचे खांदे आठ दिवसांनी खाली आले.

मुलगा तिथंच होता. काउंटरवर, आमच्यापासून चार हातांवर. एका म्हाताऱ्याला गोळ्या कापून देत होता, कोणती कधी घ्यायची ते समजावत होता. मी कॅमेरा त्याच्याही हातात दिला. त्यानं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कॅमेरा परत दिला. मग पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचायला घेतली.

परतीच्या एस.टी.त आप्पा बोलत होते. सोमवारी कोण कोण येईल, बसवायचं कुठं, पोहे करावेत की मुरमुऱ्यांचा सुशीला. मी खिडकीला टेकून होतो.

घरी आल्यावर आप्पांनी सगळं सांगितलं, कॅलेंडरचं तर दोनदा. आई देवापुढं साखर ठेवायला उठली. अक्का चौकटीला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं मला विचारलं, आप्पांना नाही.

"तो काय म्हणला?"

मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, दुकानात होता ना. होता म्हणालो. फोटो परत पाठवला तेव्हाही असंल, ती म्हणाली. असेल, मी म्हणालो. वाटलं तर तो बोलणारा माणूस हाय, मला ठाऊक हाय, असं हळू म्हणाली, आणि मग आईला हाक मारून सांगितलं, की साखर ठेवू नको, माझं न्हाई जमायचं. आईनं समजावलं, काकांनी येऊन समजावलं, आप्पांनी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्थळाबरोबर आलेला मुलाचा फोटो पाकिटात घातला आणि पत्ता मला लिहायला लावला.

मी पुढच्या वर्षी पास झालो. कॅमेरा एका पावसाळ्यात बिघडला तो बिघडलाच. अक्काचं लग्न दीड वर्षानं केजला झालं, भाऊजी शिक्षक. भला माणूस आहे, थोडा तापट. अक्का आता हेडबाई आहे, पोरगी पुण्याला शिकते. सगळ्यांच्या घरात जेवढं असतं तेवढं सुख तिच्या घरात आहे, आणि दुःखही तेवढंच असावं. मी कधी मोजायला गेलो नाही.

गेल्या रविवारी हुरड्याहून परतताना मी केजला अक्काकडं जाऊन आलो. भाऊजी बाहेर गेले होते. अक्का मेथी निवडत बसली होती, मीही समोर बसून एक जुडी ओढली. हुरडा कसा होता ते सांगितलं, खाटा, झोके, सेल्फी पॉइंट. ती हसली. आणि काही कारण नसताना मी विचारलं, अक्का, अंबाजोगाईचं कधी वाईट वाटतं का.

"वाटतं की," ती म्हणाली. हात थांबला नाही. "त्या दिवशी तू खोटं बोलला असतास ना, तो अमुक अमुक म्हणला म्हणून, तर मी गेले असते. कायबी चाललं असतं मला. एक वाक्य."

मी मेथीच्या काड्या बाजूला करत राहिलो. मला तेव्हा ते सुचलंच नाही गं, असं तिला म्हणालो.

सुचलं होतं. त्या दिवशी अंबाजोगाईहून परतताना एस.टी.त, धारूरचा सगळा घाट संपेपर्यंत, मी तेच वाक्य जुळवत आलो होतो.